तेरा मैलांचा मारुती

चिंधू भैताड होता, पक्का वेडा. माणूस गेल्यावर बोलतो असं समजू नका. जिवंत होता तेव्हाही त्याच्या तोंडावर म्हणत होतो, आणि तो दात काढून हसायचा. "भैताड तं भैताड," म्हणायचा, "पन तीन तासाच्या आत येऊन दाखवतो का नाई, पाहाजो तू." सव्वीस मैल, अनवाणी, तीन तासांच्या आत. एवढं एकच त्याला आयुष्यात पाहिजे होतं. दुसरं काही मागितलं असतं तर बरं झालं असतं.

चिंधू हे नाव यमाला फसवायला ठेवलेलं. त्याच्या मायची आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून हा जन्मल्याबरोबर याला चिंध्यांच्या ढिगावर टाकला आणि मग उचलून घेतला. यमाला वाटावं, हे तर कुणी फेकून दिलेलं पोर, याला कशाला न्यायचं. आमच्या वर्धा जिल्ह्यात असे चिंधू, नत्थू गावोगाव सापडतील. यमानं खरंच नेलं नाही, पण दुसऱ्या कुणी उचलूनही घेतलं नाही. मायबाप लवकर गेले आणि पोरगं देवळीच्या किसनरावांकडं सालानं लागलं. साल म्हणजे पाडवा ते पाडवा. तेवढं वर्ष सालदार मालकाचा. पहाटे ढोरांचं शेण, दिवसभर औत, रात्री वावरात जागल. त्याला स्वतःचा असा एकच दिवस, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, आणि बैल बसला की सालदारही बसतो. लहान पोट्टे लाकडी बैल ओढत तान्हा पोळा करतात, मोठे पत्ते कुटतात. चिंधू धावायचा.

मी श्रावण. देवळीच्या बसस्टँडजवळ माझं सायकलचं दुकान. पंक्चर, दुरुस्ती आणि तासाच्या भाड्यानं सायकली. तासाचा धंदा म्हटला की घड्याळ आलंच. माझ्याकडं गजराचं एक दणकट घड्याळ होतं, आणि पाच मिनिटं उशिरा सायकल आणणाऱ्याशी मी चौकात भांडायचो. सारी देवळी मला मिनिटवाला म्हणायची. म्हणू द्या. त्या घड्याळापायीच चिंधू माझ्या गळ्यात पडला.

त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात देवळीला शंकरपट भरला होता. बैलजोड्यांच्या शर्यती. किसनरावांची जोडी शेवटच्या दोरीपार गेली आणि थांबेचना. हाकणाऱ्या धुरकऱ्याला खाली पाडून छकडा घेऊन जी सुटली ती वर्ध्याच्या रस्त्यानं. लोक ओरडले, सायकली काढल्या, कुणी काठ्या शोधायला गेले. चिंधू कुणाला न विचारता मागं धावत सुटला. वर्ध्याच्या नाक्यापाशी त्यानं जोडी धरली, आणि बैल दमले म्हणून छकड्यात न बसता त्यांच्यासोबत धावतच परत आला. आल्या आल्या म्हणाला, "भाकर हाय का कोनापाशी?" धाप नाही, काही नाही. लोक बैलांचं कौतुक करत होते.

पटावर वेळ लावायला वर्ध्याच्या एका शाळेतले खेळाचे मास्तर आले होते, बबनराव. गळ्यात दाबून थांबवायचं घड्याळ. त्यांनी बाजारात बैलाची मांडी चाचपावी तशी चिंधूची पोटरी चाचपली.

"सव्वीस मैलांची शर्यत असते, मॅरेथॉन म्हणतात," ते म्हणाले. "नागपूरला रेल्वेत माझ्या ओळखीचे एक साहेब आहेत. ते खेळाडूंना खलाशाच्या नोकरीवर घेतात. पण तीन तासांच्या आत आला पाहिजेस, आणि अठ्ठावीस वर्षांच्या आत. इथं तीन तासांच्या आत येऊन दाखव, मी स्वतः तुला घेऊन जातो. एक मिनिट जास्त झालं तर मला तोंड दाखवू नकोस."

रस्ताही त्यांनीच ठरवून दिला. देवळीहून वर्धा, वर्ध्याच्या पुढं नालवाडी. नालवाडीला रस्त्याच्या कडेला इंग्रजांच्या वेळचा मैलाचा दगड होता, देवळी तेरा मैल लिहिलेला. लोकांनी कधीकाळी त्याला शेंदूर फासला आणि त्याचा मारुती झाला. अक्षरं शेंदराच्या पुटांखाली गेली, पण दगड तोच. त्याला वळसा घालून परत आलं की सव्वीस मैल. शर्यत सव्वीस मैलांहून जराशी जास्त असते, तो वरचा तुकडा भरून काढायला सुरुवात देवळीच्या बाजारातल्या विहिरीपासून. झालं, बबनराव बसमध्ये बसून निघून गेले आणि आमच्या चिंधूला भूत लागलं.

मी एकदा विचारलं, "काऊन बे, रेल्वेत असं काय ठेवलं हाय?"

"रईवार," तो म्हणाला. "शिरावन, रेल्वेत दर आठवड्याले पोळ्याचा दुसरा दिवस असते म्हनते."

माझं दुकान माझं होतं, मनात आलं तर फळ्या लावून झोपू शकत होतो. त्या दिवशी मी घड्याळ द्यायला कबूल झालो.

पहिला पोळा चौऱ्याहत्तरचा. घड्याळ फडक्यात गुंडाळून मी हँडलला बांधलं आणि त्याच्या बाजूनं सायकल हाणली. जुन्या टायरच्या चपला करून दिल्या होत्या, त्या त्यानं पवनारकडं जाणाऱ्या फाट्याआधीच हातात घेतल्या. परतताना वर्ध्यात ओकला आणि खाली बसला. कॅरिअरवर टाकून आणला. वर्षातला सगळ्यात चांगल्या धंद्याचा दिवस, पोट्टे सायकलीसाठी दुकानापुढं उभे, आणि मी हे गाठोडं वाहत होतो. शिव्या घातल्या, देवळी येईपर्यंत. तो मागून म्हणाला, "पुढच्या वर्षी जराकसं सावकास निंघू."

पुढच्या वर्षी तो पुरा धावला. सव्वातीन तास. मधल्या वर्षभरात कुठं धावायचा म्हणाल, तर वावराच्या धुऱ्यानं म्हणजे बांधावरून, ढोरांमागं, अंधारात, किसनरावांनी तंबाखू आणायला पाठवलं की गावात. पूर्ण सव्वीस मैल मात्र वर्षातून एकदाच, कारण एवढं धावल्यावर उरलेला दिवस अंग हलत नाही आणि सालदाराला असा दिवस दुसरा मिळत नाही. एखादा नापास होतो त्याला महिन्याभरात पुन्हा परीक्षा असते. याची परीक्षा पोळ्याला.

नालवाडीला पोचलो की मी सायकल रस्त्याच्या अलीकडं उभी करायचो. आम्ही छप्पन्न साली देव सोडले, दीक्षेला बापाच्या खांद्यावर बसून मीही नागपूरला गेलतो. दगडापुढं मी कशाला जाऊ? चिंधू मात्र नुसता वळसा घालायचा नाही, थांबून कपाळ टेकवायचा, मग प्रदक्षिणा करून निघायचा.

"अबे, वेळ चालला नं!" मी इकडून बोंबलायचो.

"देवाले टाळून धावू का?" तो तिकडून.

शहात्तर साली त्याचं लग्न झालं. बायको नालवाडीचीच, रुख्माबाई. बुटकी, तोंडाची फटकळ, नवऱ्यावर जीव टाकणारी. तिच्या लेखी हे प्रकरण फार सोपं होतं. आपला माणूस वर्षातून एकदा अनवाणी धावत माहेरच्या मारुतीच्या दर्शनाला जातो आणि 'तीन तास' नावाचं काहीतरी मागतो. कुणी पोरगा मागतं, कुणी वावर मागतं, हे तीन तास मागतात. त्या मारुतीच्या पोटात मैलाचा दगड आहे हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगायचं कारणही पडलं नाही. नालवाडीच्या जन्माला आलेल्या पोरीला तो मारुतीच होता, पहिल्यापासून.

सत्त्याहत्तरचा पोळा मी विसरत नाही. बाजारातल्या विहिरीला त्यानं हात लावला, मी फडकं सोडलं. तीन तास आणि एक मिनिट. बिडी शिलगावायला लागतो तेवढा वेळ वर. चिंधू मातीत उताणा पडून हसत सुटला. त्याच्या तळव्यातून रक्त येत होतं. रुख्माबाई पदरानं पाय पुसत होती आणि म्हणत होती, "भेटले का जी तीन तास?" "पुढच्या वर्षी भेटते," तो म्हणाला. खरं सांगतो, त्या दिवशी माझाही विश्वास बसला. मिनिटभरासाठी तर मी गिऱ्हाईकाशी भांडतो, मिनिटभर म्हणजे किती थोडं हे मला कळतं. घरी जाऊन मी बायकोला म्हटलं, पुढच्या पोळ्यानंतर चिंधू रेल्वेत.

त्याच हिवाळ्यात बबनरावांची बदली चंद्रपूरकडं झाली. निरोप ठेवून गेले, वेळ आली की कळवा, साहेब अजून आहेत. उन्हाळ्यात वर्धा ते नालवाडीकडचा रस्ता रुंद करायला काढला. दोन्ही बाजूंच्या मोठमोठ्या चिंचा पाडल्या, मुरूम टाकला, नवे पांढरे किलोमीटरचे दगड रोवले.

अठ्ठ्याहत्तरच्या पोळ्याला आम्ही तिथून गेलो तर ओळखीचं काही उरलंच नव्हतं. जिथं सावली होती तिथं आभाळ. नवी घरं उठलेली, रस्ता परक्या गावचा वाटावा असा. नालवाडीचा मारुती तेवढा ओळखीचा. कडुनिंबाखाली, आता सिमेंटच्या ओट्यावर, नवा शेंदूर, नवा झेंडा. चिंधू खूश झाला. "मारुतीले वटा बांधला गड्या!" म्हणत त्यानं कपाळ टेकवलं. आम्हाला वाटलं, होता तिथंच ओटा बांधला. कडुनिंब आधी होता का नव्हता, याचा विचार कोण करतो? झाडं कापतात, रस्ते हलतात, सरकार बदलतं. देव काय जागचा हलतो?

त्या वर्षी तीन तास सात मिनिटं झाली.

चिंधूनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्याला मारलं. "घड्याळ बरोबर हाय नं बे?" मी चिडलो, पण दुसऱ्या दिवशी घड्याळ घेऊन वर्ध्याला कारागिराकडं गेलो. त्यानं उघडून पाहिलं, पुसलं, म्हणाला एक काटा इकडचा तिकडं नाही. मग रेडिओच्या बातम्यांशी लावून पाहिलं. घड्याळ बरोबर होतं. म्हणजे चूक कोणाची? चिंधूची. त्यानं तशी मानून घेतली. बिडी सोडली. चहा सोडला. किसनरावांच्या बैलांसाठी भिजवलेली सरकी सोडून बाकी सगळं बळ येणारं खाऊन पाहिलं, आणि सरकीही एकदा खाल्ली असेल, मला शंका आहे. कमरेला दोर बांधून लाकडाचा ओंडका ओढत धुऱ्यानं धावायचा. किसनराव पारावर सांगायचे, "आमचा सालदार बैलापेक्षा जास्त औत ओढते, फक्त जमीन नांगरत नाई." लोक हसायचे. चिंधूही हसायचा, पण आता दात दिसत नव्हते.

एकोणऐंशीला पाच मिनिटं वर. रस्ता उतरणीचा असला तरी चढणीचा वाटायला लागला असं तो म्हणायचा. ज्या वयात दम वाढतो त्या वयात याचा दम उताराला लागला, असं मीही मनात धरून बसलो. एकदा म्हणूनही टाकलं, "बस कर आता. काही काही गोष्टी आपल्या नशिबात नसते." तो कमरेचा दोर आवळत राहिला. रुख्माबाई मात्र खवळली, "भाऊजी, तुमी धंदा पाहा आपला. मारुती पाहून घेईन."

ऐंशीला तो जसा धावला तसा मी माणूस धावताना पाहिला नाही. पाय जमिनीला लागत होते की नाही कुणास ठाऊक. मला सायकल उभ्यानं मारावी लागली. परतीला वर्धा ओलांडलं तेव्हा मी घड्याळ पाहिलं आणि पायडल आणखी जोरानं हाणलं. "चिंध्या, होते गड्या आज! हान!" मी ओरडत होतो, रस्त्यावरचे लोक बघत होते. शेवटच्या मैलाला त्याच्या तोंडाला फेस आला. विहिरीला हात लावला आणि मी फडकं सोडलं.

तीन तास दोन मिनिटं.

तो पडला नाही, हसला नाही, रडला नाही. विहिरीच्या काठावर बसून राहिला. मी वेळ सांगितल्यावर मान हलवली आणि म्हणाला, "याच्याहून जास्त माह्यात नाई, शिरावन. एवढाच हावो मी."

एक्क्याऐंशीला पाऊस, रस्ताभर चिखल, अर्ध्या वाटेवर पाय मुरगळला. त्या वर्षी तो अठ्ठाविशीतून बाहेर पडला. चंद्रपूरला कळवायचं काही उरलं नाही. पाडव्याला किसनरावांकडं नवं साल सुरू झालं, आधीच्यासारखंच.

मला वाटलं सुटला. कसला सुटतो! पुढच्या पोळ्याला पहाटे दुकानाच्या फळीवर थाप. "चल, घड्याळ घे." मी म्हटलं, "अबे, आता कायले? रेल्वे तं गेली नं." तो म्हणाला, "रेल्वे गेली. तीन तास थोडेच गेले." पंचाऐंशीपर्यंत तो असाच धावला, दर वर्षी आणखी हळू, आणि मी दर वर्षी शिव्या देत बाजूनं सायकल चालवली. मग कापसावर औषध फवारता फवारता त्याची छाती गेली. तोंडाला फडकं बांधून सालदार दिवसभर फवारायचा, फडक्यानं काय होतं? खोकला सुरू झाला तो थांबलाच नाही. मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला आणि घरी न्यायला सांगितलं. ज्या छातीनं सव्वीस मैल ओढले ती आता खाटेपासून मोरीपर्यंत पुरत नव्हती. किसनरावांनी दुसरा सालदार ठेवला. ठेवणारच.

सत्त्याऐंशीचा पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सवयीनं पहाटे जाग आली, आणि घरात बसवेना म्हणून त्याच्याकडं गेलो. तो खाटेवर उशांना टेकून होता. बाहेर पोट्टे लाकडी बैल ओढत ओरडत होते. रुख्माबाईनं चहा टाकला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आज नालवाडीचा मारुती वाट पाहत असन."

रुख्माबाईनं चहाचं भांडं आपटलं. "नाव नका काढू त्याचं, भाऊजी! लय केलं म्या त्याचं. आता बोलाले हरकत नाई, आता कोनता नवस रायला? इतके वर्सं तोंडातून शब्द काढला नाई. फळाच्या आधी नवस सांगतला तं फुटते, म्हून यायलेबी सांगतलं नाई."

"काय नवस वो?" चिंधूनं विचारलं.

"रस्ता रुंद करून रायले होते तवा मी माहेरी होती नं. रस्तेवाले मारुतीले उपटून मुरमात टाकून देत होते. गावानं त्यायले टाकू देल्लं नाई. पालखी केली, डफडं लावलं, अन् पार पुढं नेलं, निंबाखाली. उन्हात होता बिचारा, सावलीत बसवला. बायामान्साईत म्या एकलीनं पालखीले खांदा देल्ला, इथून तिथवर, खाली ठेवली नाई. म्हटलं, मारुतीराया, तुले म्या सावली देल्ली, माह्या मान्साले तीन तास दे." ती चुलीकडं वळली. "त्यानं एवढंबी ऐकलं नाई माहं."

मी चिंधूकडं पाहिलं. तो माझ्याकडं पाहत होता. खोकला यायला पाहिजे होता तोही आला नाही. बाई चुलीकडं तोंड करून डोळे पुसत होती, तिला यातलं काही दिसलं नाही.

मी चहा तसाच ठेवून उठलो. सायकलनं नालवाडीला पोचलो. रुख्माबाईची म्हातारी मावशी आनंदाबाई ओट्यावर फुलं विकत बसली होती, तिला विचारलं. पहिले मारुती कुठं होता? ती काठी टेकत मला देवळीच्या अंगाला मागं घेऊन आली, रस्त्याखालच्या पाण्याच्या एका मोरीपाशी. गवत बाजूला सारलं तर चुन्याचा चौकोनी पाया तसाच होता, दगड उपटलेला खड्डा मधे. मी सायकलच्या मागच्या चाकाला चिंधी बांधली, आमच्या धंद्यात लांबी अशीच मोजतात, आणि खड्ड्यापासून ओट्यापर्यंत सायकल हातानं ढकलत चाकाचे फेरे मोजले. एकदा मोजले, विश्वास बसेना म्हणून परत मोजले. मग रस्त्याच्या कडेला बसलो आणि भर दुपारी, लोक जात-येत असताना, ढसाढसा रडलो. मला राग आला होता. कुणावर ते सांगता येत नव्हतं. दगडावर? त्या बाईवर? मी मेला अलीकडं सायकल घेऊन उभा राहणारा, त्याच्यावर? कुणाचीच चूक नव्हती, हाच तर राग होता.

संध्याकाळी परत गेलो. रुख्माबाई हापशीवर पाण्याला गेलती. चिंधूनं डोळे उघडले.

"किती?"

"अर्धा किलोमीटर."

"जाऊन-येऊन एक," तो म्हणाला आणि वर आढ्याकडं पाहत राहिला. एक किलोमीटरला त्याला किती लागायचं हे त्याच्याहून चांगलं कोणाला ठाऊक? बोटांच्या पेरांवर अंगठा फिरत होता, मधे थांबला, परत फिरला.

"म्हंजे अस्सीच्या साली..."

"होय," मी म्हटलं. "चार मिनिटं कमी कर. दोन मिनिटं आत होता तू गड्या. तीन तासांच्या आत. वय होतं, साहेब होता, समदं होतं."

त्याचा चेहरा एकदम उजळला. विहिरीपाशी मातीत पडून हसला होता तसा, दात दिसले. दम लागेपर्यंत हसला. मग हसताहसताच डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, आणि तो म्हणाला, "एवढे रईवार, शिरावन. एवढे रईवार गेले माहे." मी त्याचा हात धरला. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

दारात घागर वाजली. त्यानं झटकन तोंड पुसलं आणि माझं मनगट आवळलं. त्या हातात एवढी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तिले सांगजो नोको," तो हळूच म्हणाला. "तिनं खांदा देल्ला बे. माह्यासाठी देल्ला."

रुख्माबाई आत आली. "काय झालं जी? डोये काऊन लाल झाले?"

"काई नाई वो. जुनी गोठ निंघाली. दोन मिनिटानं हुकलं होतं नं, अस्सीच्या साली."

"त्या मारुतीच्या नावानं बोंब," ती म्हणाली.

"त्याचा काय दोस," चिंधू म्हणाला. "माहेच पाय कमी पडले."

दिवाळीच्या आधी तो गेला. छत्तीसही पुरं नव्हतं वय. तेरवीला लोक आले, किसनराव आले, म्हणाले, इमानदार होता, फक्त धावायचं याड होतं. मी तोंड उघडलं नाही. उघडायचा हक्क त्यानं ठेवला नव्हता.

पुढच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे फळीवर थाप पडली. मी दचकलो. दार उघडलं तर रुख्माबाई, हातात शेंदराची पुडी आणि नारळ. रागावली होती तरी देवाशी वैर धरवत नव्हतं तिला. "भाऊजी, मारुतीले चलता का? यायच्या नावानं एक डाव." देव सोडलेला माणूस मी, पण दुकान बंद केलं, तिला कॅरिअरवर बसवलं आणि त्याच रस्त्यानं निघालो. वर्ष-दोन वर्षं असंच चाललं. ती असेपर्यंत हे कुणाला सांगितलं नाही, आता ती नाही म्हणून सांगतो.

शेवटच्या खेपेला मोरीपासून पुढं निंबापर्यंत ती उतरून पायी चालली, जिथून तिनं पालखी उचलली होती तिथूनच. मी सायकल धरून मागं मागं. शेंदूर लावून झाला, नारळ फुटला, आणि परत निघताना ती मला म्हणाली, "भाऊजी, एक इचारू? दोन मिनिटं म्हंजे किती होते जी?"

मिनिटांवरून आयुष्यभर भांडलो, त्या बाईला मोरीकडं बोट दाखवलं.

"काईच नाई, वैनी," मी म्हटलं. "इथून त्या मोरीपर्यंत जाता येते, एवढा वेळ. तोबी धावून गेलं तं."

तिनं वळून मोरीकडं पाहिलं. ज्या रस्त्यानं ती खांद्यावर देव घेऊन चालली होती, तोच रस्ता.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढंच तं होतं. मंग त्याले द्याले काय जड झालं होतं, भाऊजी?"

मी म्हटलं, "बसा वैनी, ऊन होते." आणि सायकल देवळीकडं वळवली.